मदत कन्सोलवाल्यांची, अटीही त्यांच्याच

१८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो या जपानी कंपनीने छोट्या निर्मात्यांचे नवे गेम दाखवणारा ऑनलाइन कार्यक्रम केला. त्यात एक गेम पुण्याचा होता. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हे त्याचं नाव. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी नावाची मुलगी. तिच्या मागेपुढे राजस्थानी वाडे, पहाडी चित्रशैलीची आठवण करून देणारे रंग आणि पडद्यावरच्या सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारी गोष्ट. कार्यक्रम झाला त्याच दिवशी गेम निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर विक्रीला आला. पुढचे जवळपास दोन महिने तो फक्त तिथेच मिळत होता. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसी यांची पाळी १५ ऑक्टोबरला आली. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जगभर पाहिल्या जाणाऱ्या सोहळ्यात पदार्पणाच्या पुरस्कारासाठी पाच गेमना नामांकन मिळालं, त्यांत राजी होती.

पण पुण्यातल्या माणसाला त्या दिवशी पुण्याचा हा गेम रीतसर विकत घेता आला नसता. स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानाला भारतीय शाखा नव्हती, रुपयांत किंमत नव्हती. ज्यांच्याकडे स्विच होता त्यांनी तो परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवलेला किंवा आडमार्गाने आयात झालेला, आणि खातं उघडलेलं दुसऱ्याच एखाद्या देशाच्या नावावर.

यात नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओचं काही चुकलं, असं मुळीच नाही. त्या जागी असलेल्या कुणीही तेच केलं असतं. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड यांनी उभ्या केलेल्या या छोट्या चमूने २०१७च्या अखेरीस किकस्टार्टरवर लोकवर्गणीचं आवाहन केलं होतं. मागणी होती १ लाख २० हजार पौंडांची. ती पूर्ण झाली नाही, आणि किकस्टार्टरच्या नियमाप्रमाणे ठरलेली रक्कम जमली नाही तर हाती काहीच येत नाही. काम चालू राहावं म्हणून संस्थापकांपैकी एकाने फ्लॅट विकला. पुढे एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीचं अनुदान मिळालं, परदेशी प्रकाशक मिळाला, आणि शेवटी निन्टेन्डोचा मंच मिळाला. जून २०२०च्या अखेरीपर्यंत स्विचची विक्री सहा कोटींच्या वर गेली होती. तेवढ्या ग्राहकांसमोर एक दिवस का होईना उभं राहायला मिळणं ही एखाद्या नवख्या स्टुडिओसाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हे वेगळं सांगायला नको.

कन्सोल कंपन्यांनी छोट्या आणि बाहेरच्या निर्मात्यांना दिलेला आधार खरा असतो. तो मिळाला नसता तर राजी कदाचित एका डेमोवर थांबली असती. मात्र तो उपकार नसतो, व्यवहार असतो. आणि व्यवहारात अटी कोण ठरवतं यावर सगळं अवलंबून असतं. महाराष्ट्रात गेम बनवणाऱ्यांचं आणि त्यांच्यासाठी धोरणं आखणाऱ्यांचं लक्ष अजून टाळ्यांकडे जास्त आहे, अटींकडे कमी.

आधी धंद्याचं गणित. कन्सोल हे यंत्र फारसा नफा न ठेवता, प्रसंगी तोट्यातही विकलं जातं. कमाई होते ती त्यावर चालणाऱ्या गेममधून. डिजिटल दुकानात गेम विकला गेला की कंपनीचा वाटा साधारण ३० टक्के, मग तो गेम टोकियोत बनलेला असो की बाणेरला. कंपनीचे स्वतःचे गेम वर्षाला मोजकेच येतात. बाकी दुकान भरायचं तर बाहेरचे निर्माते हवेतच. पण बाहेरच्याला आत येण्यासाठी तीन उंबरे ओलांडावे लागतात. पहिला उंबरा परवानगीचा : कंपनीने निर्माता म्हणून मान्यता दिल्याशिवाय डेव्ह किट, म्हणजे गेम बनवण्या-तपासण्यासाठीचं खास यंत्र, मिळत नाही आणि मिळाल्यावर त्याविषयी बाहेर बोलता येत नाही. दुसरा तपासणीचा : गेम मध्येच बंद पडतो का, कंट्रोलर निसटला तर काय होतं, जतन केलेला खेळ शाबूत राहतो का, अशा लांबलचक यादीतून गेमला पार व्हावं लागतं, आणि प्रत्येक कंपनीची यादी वेगळी. तिसरा उंबरा दिसण्याचा. दुकानात गेम ठेवला गेला म्हणजे तो गिऱ्हाइकाच्या नजरेला पडला असं होत नाही.

कंपन्या ‘आम्ही इंडी (म्हणजे छोट्या, स्वतंत्र) निर्मात्यांच्या पाठीशी आहोत’ असं म्हणतात, तेव्हा या तिन्हींपैकी कुठला उंबरा किती खाली केला, एवढंच पाहावं.

इतिहासही हेच सांगतो. सुरुवातीला बाहेरचा निर्माता असा प्रकारच नव्हता. अटारी या कंपनीच्या यंत्रावरचे गेम अटारीच बनवी आणि ते लिहिणाऱ्या प्रोग्रामरांचं नावसुद्धा कुठे छापत नसे. १९७९ साली त्यांतले चार जण बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. अटारी कोर्टात गेली, १९८२मध्ये तडजोड झाली आणि स्वामित्वधन देऊन दुसऱ्याच्या यंत्रावर गेम विकण्याची वाट मोकळी झाली. लगेच बाजारात इतका कचरा आला की १९८३मध्ये अमेरिकेतला हा धंदाच कोसळला. त्यातून धडा घेऊन आलेल्या निन्टेन्डोने उलट टोक गाठलं. यंत्रात कुलुपाची चिप बसवली, कार्ट्रिज आपणच बनवणार असं ठरवलं, आणि अमेरिकेत एका प्रकाशकाला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा ठेवली. कोनामी या कंपनीने ही मर्यादा चुकवायला ‘अल्ट्रा’ नावाची दुसरी पाटी लावली होती.

मग १९९४मध्ये सोनीचं प्लेस्टेशन आलं. सोनीकडे तेव्हा स्वतःचे गाजलेले गेम नव्हते, म्हणून तिने बाहेरच्यांसाठी दार सताड उघडलं. सीडी छापायला कार्ट्रिजपेक्षा कितीतरी स्वस्त आणि तिच्यात माहिती मावे कितीतरी जास्त. वर्षानुवर्षं निन्टेन्डोबरोबर असलेली ‘फायनल फँटसी’ची मालिका १९९७ साली सातव्या भागासह प्लेस्टेशनवर गेली, ती यामुळेच. ज्याच्याकडे गेम कमी, तो निर्मात्यांशी गोड बोलतो, हा नियम तेव्हापासून बदललेला नाही.

मायक्रोसॉफ्टची गोष्टही निराळी नाही. २००८च्या उन्हाळ्यात ‘ब्रेड’सारख्या मूठभर लोकांनी बनवलेल्या गेमना एक्सबॉक्सच्या दुकानात मानाची जागा मिळाली आणि छोटा गेमही कन्सोलवर पैसा करू शकतो हे सगळ्यांना दिसलं. पण चारच वर्षांनी ‘फेझ’ या तिथल्याच गेमच्या निर्मात्यांनी जाहीर केलं, की आमच्या दुरुस्तीत एक दोष राहिला आहे आणि काही खेळाडूंचा जतन केलेला खेळ त्याने खराब होतो, तरी नवी दुरुस्ती आम्ही पाठवणार नाही, कारण तिच्या फेरतपासणीसाठी कंपनीला हजारो डॉलर मोजावे लागतील. बराच गाजावाजा झाला. २०१३मध्ये, नवं एक्सबॉक्स बाजारात येऊ घातलं असताना आणि सोनी आपल्या मंचावर इंडी निर्मात्यांना ओळीने उभं करत असताना, मायक्रोसॉफ्टने ते शुल्क रद्द केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘आयडी अ‍ॅट एक्सबॉक्स’ ही योजना आली, त्यात मान्यता मिळालेल्या निर्मात्याला डेव्ह किट फुकट. निन्टेन्डोनेही वीवेअर या जुन्या दुकानातली एक जाचक अट पुढच्या यंत्रांच्या वेळी सोडून दिली. त्या अटीप्रमाणे ठरावीक संख्येने प्रती खपल्याशिवाय निर्मात्याला दमडीही मिळत नसे. हे सगळे बदल चांगलेच होते, पण ते झाले स्पर्धेच्या रेट्याने आणि निर्मात्यांनी उघडपणे तोंड उघडल्यामुळे.

भारताच्या वाट्याला या आधाराची पहिली लाट २००९च्या सुमारास आली. सोनीला इथे प्लेस्टेशन २ खपवायचं होतं आणि त्यासाठी देशी गेम हवे होते. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा संपूर्णपणे भारतात बनलेला पहिला कन्सोल गेम म्हणून गाजवला गेला. हैदराबादच्याच गेमशास्त्रने ‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी आणली. मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्ली क्रिकेटवरचा गेम केला, शाहरुख खानच्या ‘रा.वन’वरचाही केला. यातले फारसे गेम आज कुणाच्या आठवणीत नाहीत. दर्जा बेताचा होता हे त्याचं एक कारण. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे : जुनं यंत्र खपवण्यापुरता तो उत्साह होता. प्लेस्टेशन २ मागे पडलं, फोनवरचे गेम आले आणि ती साखळी तुटली. त्या चार-पाच वर्षांत हात बसलेल्या लोकांना पुढच्या यंत्रावर नेणारं कुणी उरलं नाही.

दरम्यान पुण्यात दुसऱ्या प्रकारचं काम वाढत होतं. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टने २००८मध्ये इथला स्टुडिओ ताब्यात घेतला. शेकडो तरुण तिथे घडले, मोठ्या नावाच्या गेमवर त्यांनी काम केलं. राजी बाजारात आली त्याच्या पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर २०२०मध्ये, युबिसॉफ्टने जाहीर केलं की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार. पहिल्या झलकेवर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि मे २०२२मध्ये तो प्रकल्प युबिसॉफ्टच्याच माँट्रियल स्टुडिओकडे सोपवण्यात आला. एकाच शहरातले हे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहावेत. मूठभर लोकांचा, गाठीला पैसा नसलेला स्टुडिओ आपला गेम आपल्या नावावर पूर्ण करू शकला, कारण निर्णय त्याच्या हातात होते. मोठ्या पगाराच्या, मोठ्या नावाच्या प्रकल्पात तसं नव्हतं. निर्णय दुसरीकडे होत होते आणि काम गेलं तेही दुसरीकडे. म्हणून तर छोट्या निर्मात्याच्या आधाराचा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. गेमची मालकी कुणाकडे राहते, याचा तो प्रश्न आहे.

अशा व्यवहाराचं एक जुनं उदाहरण पुण्याजवळच आहे. पुण्याहून लोणावळ्याच्या वाटेवर कान्ह्याला उजवीकडे वळून टाकवे बुद्रुकच्या पुढे गेलं की आंदर मावळ सुरू होतं. ठोकळवाडी धरणाचं पाणी इथे अडवलेलं आहे. १९२२पासून ते सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिवपुरीला उतरतं, टाटांच्या वीजगृहातली जनित्रं फिरवतं, आणि ती वीज मुंबईकडे जाते. कडा नसता तर वीज झाली नसती, हे खरंच. पण पाऊस झेलणाऱ्या दरीने वीज कुठे जावी हे कधी ठरवलं नाही. ते ठरवलं, नळ ज्याच्या ताब्यात होता त्याने. राजीच्या बाबतीत कष्ट पुण्याचे होते, उतार निन्टेन्डोचा होता, आणि उजेड पडला तो जिथे निन्टेन्डोचं दुकान होतं तिथे.

शिवाय या खोऱ्यातल्या मुलांपर्यंत गेम पोहोचतो तो फोनवरून. कन्सोल ही शहरातल्या काही घरांतली चीज. नोव्हेंबर २०२०मध्ये मोठ्या बाजारपेठांत आलेलं प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आलं, तेही ४९,९९० रुपयांना. एवढ्या पैशांत मावळातल्या कुटुंबाचे दोन-तीन फोन होतात. त्यामुळे पुण्याचाच सुपरगेमिंग हा स्टुडिओ ‘इंडस’ हा आपला महत्त्वाकांक्षी गेम ऑक्टोबर २०२४मध्ये घेऊन आला तो फोनवर, यात नवल नाही. घरचा बाजार फोनचा आणि कन्सोलचा बाजार परदेशी, अशा कात्रीत इथला कन्सोल निर्माता सापडलेला आहे. त्याची घासाघीस करण्याची ताकद कमी आहे ती यामुळे.

आता दुसरी लाट आली आहे. मे २०२३मध्ये सोनीने भारतातल्या निर्मात्यांना आधार देणारा ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर केला. याआधी चीनमध्ये तिने असाच उपक्रम केला होता. त्यातला ‘लॉस्ट सोल असाइड’ हा मुळात एका तरुणाने एकट्याने सुरू केलेला गेम २०२५मध्ये जगभर प्रकाशित झाला. भारतातल्या निवडीत मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ती’ आहे. वैभव चव्हाण यांच्या या स्टुडिओने एका संग्रहालयात फिरता फिरता मानवी तस्करीची गोष्ट उलगडायचं धाडस केलं आहे. गोव्यात राहणाऱ्या रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना यांचा ‘फिशबोल’ आहे : नव्या शहरात एकटी राहणारी, आजीच्या जाण्याचं दुःख घेऊन टाळेबंदीतले दिवस काढणारी तरुणी. हनुमान आणि गल्ली क्रिकेटपासून इथपर्यंतचा हा प्रवास पाहिला की सोनीच्या निवडकर्त्यांनी या वेळी देशी मालाच्या पलीकडे पाहिलं आहे, याचं कौतुक वाटतं. २००९मध्ये असे विषय कुणी कन्सोलवर आणू दिले असते का, शंकाच आहे.

तरीही तिसरा उंबरा शिल्लक राहतो. जुलै २०२१मध्ये अनेक छोट्या निर्मात्यांनी उघड तक्रार केली, की प्लेस्टेशनच्या दुकानात गेम ठळकपणे दिसायचा असेल तर किमान २५ हजार डॉलर मोजावे लागतात, आणि सवलतीच्या विक्रीत सहभागी व्हायचं तर आधी कंपनीने बोलावलं पाहिजे. तेवढ्या पैशांत पुण्यातला लहानसा चमू कित्येक महिने चालतो. गेमसाठी पैसा पुरवायचा, आणि तो तयार झाल्यावर दुकानाच्या मागच्या फळीवर ठेवायचा, असं झालं तर पहिल्या मदतीला काही अर्थ उरत नाही.

मायक्रोसॉफ्टची गेम पास ही वर्गणी योजना या अडचणीवरचा एक तोडगा आहे. राजी २०२१मध्ये तिच्यात दाखल झाली, पुढे नेटफ्लिक्सच्या मोबाइल गेममध्येही गेली. निर्मात्याला ठरलेली रक्कम मिळते, विक्रीच्या चढउताराची धास्ती राहत नाही. पण ती रक्कम कशी ठरते ते गुपित असतं. शेजारच्या स्टुडिओला काय मिळालं हे माहीत नसताना भाव करायचा, म्हणजे बाजार समितीत लिलावाचा आकडा न ऐकता माल घालण्यासारखं आहे. गुप्ततेच्या कलमांचा जाच सर्वांत जास्त त्यांना होतो, ज्यांचा हा पहिलाच गेम असतो.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. १९८३चा कचरा पुन्हा नको, म्हणून तपासणी हवीच. मायक्रोसॉफ्टने कुणालाही प्रवेश देणारं ‘इंडी गेम्स’चं वेगळं दालन चालवून पाहिलं, त्यात चांगल्याबरोबर बरंच सुमार साहित्य साचलं, आणि २०१७मध्ये ते बंद झालं. शंभर डॉलर भरले की कुणालाही मिळणारी पीसीवरच्या स्टीमची मोकळी वाट सर्वांना आवडते, पण तिथे नव्या गेमच्या गर्दीत हरवून जाणंही तितकंच सोपं आहे. निवड करणारा कुणीतरी असण्यात निर्मात्याचाही फायदा असतो, आणि राजी हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. प्रश्न निवडीचा नाहीच. निवडीनंतरच्या कराराचा आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज उभी राहते आहे. यातला पैसा इमारती, उद्यानं आणि उद्घाटनं यांतच मुरण्याचा धोका नेहमीचा. त्यापेक्षा छोट्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी जास्त कामाच्या ठरतील. पुण्यात एक तपासणी केंद्र हवं, जिथे तीनही कंपन्यांच्या संमतीने डेव्ह किट ठेवलेले असतील आणि कमी पैशांत, आळीपाळीने वापरता येतील. कन्सोलच्या तपासण्यांची माहिती असलेली माणसं युबिसॉफ्टमुळे पुण्यात भरपूर आहेत. त्यांचा सल्ला नव्या स्टुडिओंना मिळायला हवा. परदेशी करार वाचून देणारे वकील सरकारी खर्चाने उपलब्ध हवेत, कारण पहिल्याच करारात गेमचे हक्क कायमचे गेले तर ते पुन्हा हाती येत नाहीत. आणि अर्धवट गेम पुढे न्यायला दीड-दोन वर्षं पुरेल एवढं, मालकी न मागणारं अनुदान हवं. ते असतं तर पुण्यात कुणाला फ्लॅट विकावा लागला नसता, आणि निन्टेन्डोशी बोलणी करताना ‘दोन महिने फक्त तुमच्याकडे’ या अटीची किंमत थोडी चढी लावता आली असती.

कंपन्यांकडेही मागण्यासारखं बरंच आहे. हीरो प्रोजेक्टमध्ये घेतलेल्या गेमना दुकानाच्या दर्शनी भागात किती दिवस जागा मिळेल हे सोनीने करारातच लिहून द्यावं. गेम पासमधल्या रकमांचे किमान पट्टे तरी मायक्रोसॉफ्टने जाहीर करावेत. निन्टेन्डोने ज्या देशातले गेम आपल्या मंचावर मिरवले, त्या देशात रुपयांत चालणारं दुकान उघडावं. त्यासाठी यंत्राच्या विक्रीचं जाळं आधी उभारायची गरजही नाही. आणि राज्य सरकारने या कंपन्यांना पुण्या-मुंबईत जागा, वीज आणि करसवलत देण्यासाठी टेबलावर बसवलं, की सवलतीच्या कागदावर सही करण्याआधी या तीन गोष्टींची यादी त्यांच्यापुढे ठेवावी.